काळं उतरवल्यानंतरचा रविवार

मित्रांनो, मी एक जुनी बर्फपेटी आहे. रंगानं निळी, एक कडी तुटलेली, झाकण मधोमध दबलेलं. माझ्यावर आजवर किती जण बसून गेले, ते मलाही सांगता यायचं नाही.

कारखान्यात माझ्या दोन भिंतींच्या मध्ये फेस ओतला, तो सुकून घट्ट झाला. बाहेरची ऊब आत येऊ द्यायची नाही, एवढंच माझं काम. तीस वर्षं मी ते चोख केलं. माझा मालक मालेसेला माझं झाकण थोपटून मित्रांना सांगायचा, "सकाळचा बर्फ आहे बघ! चार वाजले तरी टणक!" कौतुक कुणाला नको असतं? मी फुगून जायचे.

मालेसेला आणि त्याची बायको हुनादी यांचं घर दक्षिण आफ्रिकेतल्या मामेलोडी वस्तीत. घरात काही चांगलं घडलं की त्या रविवारी सगळ्यांनी मैदानावर जॅझ ऐकायला जायचं, हा त्यांचा रिवाज. मुलगी मोसिबुदी जन्मली तेव्हा गेले. ती शाळेत शिक्षिका झाली तेव्हा गेले. घरावर नवे पत्रे चढले, तेव्हाही गेले बरं का! माझ्या पोटात आल्याचं पेय, मसाल्यात शिजवलेले कोंबडीचे पाय आणि मालेसेलाच्या चार बाटल्या. हुनादी घडीची खुर्ची सोडून माझ्यावरच बसायची. वादक रंगात आले की मालेसेला उठायचा, टोपी तिरकी करायचा आणि म्हणायचा, "ऊठ गं, पाय गंजतील." मग दोघं शेजारी शेजारी नाचायचे. हात धरायचे नाहीत, पण पावलं बरोबर एकदम पडायची.

मागच्या वर्षी मालेसेला गेला. कामावरून आला, खुर्चीत बसला आणि उठलाच नाही.

हुनादीनं काळे कपडे घातले. त्यांच्याकडे विधवेची रीतच तशी: वर्षभर कुणाच्या हातात हात द्यायचा नाही, गाण्याबजावण्याला जायचं नाही, सूर्य कलला की घराच्या आत व्हायचं. तिनं सगळं पाळलं. मला मागच्या खोलीत ठेवलं होतं, गाठोड्यांशेजारी. ती कधीकधी तिथं येऊन माझ्यावर बसायची. आज रडेल, उद्या रडेल, म्हणून मी वाट बघायचे. नाही रडली. शेजारच्या बायका कुजबुजायच्या, "एक टिपूस नाही हो डोळ्यांत! दगड आहे दगड." फार राग यायचा मला त्यांचा. हुनादी दगड नव्हती, पण तिला काही होतच नव्हतं. उठायची, भांडी घासायची, निजायची.

वर्ष भरलं. शनिवारी सकाळी सासरच्या माणसांनी तिचं काळं उतरवून जाळलं आणि तिला नवा पिवळा झगा घातला. मोसिबुदीनं मला बाहेर काढून खसाखसा धुतलं.

"आई, उद्या जॅझला जायचं. बाबांची आवडती धून वाजवायला सांगितलीय मी."

"जाऊ या," हुनादी म्हणाली. भाजी आणायला जाऊ या म्हणावं, तसं म्हणाली.

रविवारी मैदान माणसांनी फुललं होतं. मालेसेलाचा एक जुना मित्र हात पुढे करून आला. हुनादीनं चटकन आपला हात पाठीमागे लपवला. तिचा दीर फुती मोठ्यानं हसला. त्याच्या गळ्यात सदा एक शिट्टी असते आणि तोंडाला कुलूप कधीच नसतं.

"अहो वहिनी, हात द्या की त्याला! काळं जळालं काल, हात नाही जळाला तुमचा!"

सगळे हसले. हुनादीही हसली, नुसत्या तोंडानं.

ती माझ्यावर बसली. पूर्वी वाजंत्री सुरू झाली की तिची टाच माझ्या अंगावर ठेका धरायची. त्या दिवशी ट्रम्पेट झाला, सॅक्सोफोन झाला, टाच हलली नाही. मला वाटलं, ही आता माझ्यासारखी झाली, बाहेरचं आत जातच नाही. समोर मोसिबुदी नखं कुरतडत आईच्या तोंडाकडे बघत होती. तिचा जीव टांगणीला लागला होता. आईला पुन्हा काही वाटावं, एवढ्यासाठीच तिनं हा सगळा घाट घातला होता.

चारनंतर मालेसेलाची धून सुरू झाली. त्याच वेळी सूर्य झाडांकडे कलला. हुनादीनं वर पाहिलं आणि ती उठली.

झालं! फुतीनं शिट्टी फुंकली. "उठली! आमची वहिनी उठली!" खुर्च्या मागे सरकल्या, माणसांनी गोल केला, टाळ्या सुरू झाल्या.

"मला घरी..." हुनादी म्हणाली. ट्रम्पेटच्या आवाजात ते माझ्याखेरीज कुणाला ऐकू गेलं नाही.

तिनं एकदा गोलावरून नजर फिरवली. बाहेर जायला वाट नव्हती. मग ती नाचू लागली. डावीकडे एका माणसाची जागा सोडून नाचली, पाऊल कुठेही चुकलं नाही. बायकांनी जिभा हलवून आनंदाच्या आरोळ्या दिल्या. फुती तर लहान मुलागत हुंदके देत होता. हुनादीचे डोळे कोरडे होते.

धून संपल्यावर ती येऊन माझ्यावर बसली. मोसिबुदी तिच्याजवळ उकिडवी बसली.

"आई, बरं वाटलं ना?"

हो म्हणाली असती तर सगळे खूश झाले असते. वर्षभर ती हेच करत आली होती. पण त्या दिवशी तिला तेवढंही जमलं नाही.

"नाही गं. मी नाचायला उठलेच नव्हते. ऊन कललं म्हणून घरी निघाले होते."

"आणि बाबांची धून?"

"ऐकली. काही झालं नाही. बाबा गेले तेव्हापासून मला काहीच होत नाही, मोसिबुदी. फुतीला सांगू नकोस, गावभर करेल."

मोसिबुदी खाली बघत म्हणाली, "मलापण नाही होत."

"काय?"

"बाबांना माती दिली तेव्हापासून. वर्गात पोरं हसली की मीही हसते, एवढंच. म्हटलं, तुला काही वाटलं तर मला पण वाटेल. म्हणून आणलं तुला."

"वर्षभर? आणि मला बोलली नाहीस?"

"तू कुठे बोललीस?"

हुनादीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, वर्षभरात पहिल्यांदाच पाहिलं. मग ती बाजूला सरकली.

"बस इथं. वाळून काठी झालीस की. जेवतेस तरी का?"

"जेवते."

"खोटं बोलू नकोस."

दोघी माझ्यावर बसल्या. माझं झाकण करकरलं. रडली कुणीच नाही. पण हुनादीनं मुलीचा हात आपल्या हातात घेतला आणि तो घरी जाईपर्यंत सोडला नाही.

मित्रांनो, मी तर वस्तू आहे, बाहेरचं आत येऊ न देणं हा माझा धर्म. तुमचा तो नाही. दुःखातल्या माणसाला जॅझला जरूर न्या, पण त्याच्या तोंडाकडे टक लावून बसू नका. आणि त्याला सांभाळता सांभाळता तुमच्याच आत सगळं गार पडलं असेल, तर त्याला तसं सांगा. तो कदाचित तुमच्यासाठीच हसत असेल.