ताई काय म्हणतात

"'ती म्हणते' नको. 'मी' म्हणा," ताई मास्तरांच्या कानाशी कुजबुजल्या.

मास्तरांनी माइक तोंडापासून लांब धरला. "अगं, पण मी कुठे होतो तिथे?"

"मी होते ना? मग 'मी'च म्हणा."

वाचनालयाचे सभागृह भरले होते. उशिरा आलेले भिंतीला टेकून उभे होते. समोर एक टेबल, पाण्याचा जग आणि दोन खुर्च्या. मास्तरांनी घसा खाकरला आणि एका दमात म्हणून टाकले, "पाणीपट्टीच्या विधेयकाला विरोध करायला मी उभी राहिले."

सगळे सभागृह खो खो हसू लागले. मागून कोणीतरी ओरडले, "मास्तर, अभिनंदन! कधी झालं हे?"

मास्तरांचे कान लाल झाले. ताईही हसत होत्या. त्यांच्या हसण्याला आता आवाज नव्हता, नुसते खांदे हलत.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, शिलाईचे. बाजाररस्त्यावर त्यांचे दुकान होते. माणूस मुळात अबोल. तोंडात टाचण्या धरल्या की बोलावे लागत नाही, म्हणून आपण टेलर झालो, असे ते सांगत. आणि बायको मिळाली ती आमदार. ताई पहिल्यांदा निवडून आल्या तेव्हा एका म्हाताऱ्या हमालाने त्यांना भर रस्त्यात अडवले होते. "तिकडे जाऊन तू काय करतेस, ते आम्हाला कोण सांगणार गं?" ते त्यांच्या मनाला लागले. तेव्हापासून प्रत्येक अधिवेशन संपले की ताई या सभागृहात येत. कुठल्या विधेयकावर कुठल्या बाजूने मत दिले आणि का दिले ते सांगत, आणि मग उभ्या उभ्या लोकांची बोलणी खात.

हिवाळ्यात त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जिवावरचे आवाजावर निभावले. उरली ती कुजबुज, तीही जवळ बसणाऱ्यालाच ऐकू येईल अशी. पक्षाचा माणूस घरी येऊन म्हणाला, "ताई, या वेळी आपण पत्रक वाटू. छान छापून." ताईंनी त्याला जवळ बोलावले आणि सांगितले, "पत्रकाला उलट प्रश्न विचारता येत नाही."

ताईंचे बोलणे भाचीने सांगायचे असे ठरले. पण सकाळी तालमीला बसल्यावर दर वाक्याला "काय म्हणालीस, मावशी?" सुरू झाले. ताईंना घाम फुटला. तेवढ्यात मास्तर आतून इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले.

"तू राहू दे," ते भाचीला म्हणाले. "हिची कुजबुज मला कळते."

"पण काका, तुम्ही तर मावशीशी बोलत नाही आहात ना?"

"तिच्याशी नाही बोलत. तिचं बोलायला काय हरकत आहे?"

भाचीने मावशीकडे पाहिले. मावशी खिडकीबाहेर पाहत होती.

ताई अधिवेशनाहून परतल्या त्या दिवसापासून घरात अबोला होता. एकीला आवाज नाही आणि दुसरा बोलायला तयार नाही. दिवसभर काय ती नळाची बडबड. कारण होते बाजाररस्त्याचे. तो रुंद करण्याचे विधेयक आले होते, आणि त्यात एका बाजूची सगळी दुकाने पडणार होती. मास्तरांचे, घड्याळवाल्याचे, चपलांचे, सगळीच. बाजूने मत दिल्याचे ताईंनी घरात पाऊल टाकताच सांगितले. मास्तरांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून दुकानात गेले.

आता सभागृहात मास्तर एकेक वाक्य उचलून देत होते. ताई सांगत, ते मान कलती करून ऐकत आणि मग माइकमध्ये बोलत. शिक्षकांच्या बदल्यांचे झाले. "मी गेले", "मी भेटले" याला आता कोणी हसत नव्हते.

मग ताईंनी पाण्याचा घोट घेतला आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता बाजाररस्ता," मास्तर म्हणाले. खुर्च्यांची करकर थांबली.

"गेल्या वर्षी पिठाच्या गिरणीला आग लागली. बंब रस्त्याच्या तोंडाशी अडकला. गिरणीवाल्याची आई गेली. तिला बाहेर आणलं तेव्हा मी तिथेच होते."

पुढच्या रांगेत गिरणीवाला मान खाली घालून बसला होता.

"म्हणून रस्ता रुंद व्हायला हवा, असं माझं मत आहे. पण दुकानदारांना आधी दुसरी जागा द्या, मगच दुकानं पाडा, अशी दुरुस्ती मी लेखी मांडली. ती फेटाळली गेली."

मास्तर थांबले. ताईंचे ओठ कानाशी हलले होते, पुढचे शब्द त्यांना स्पष्ट ऐकू आले होते. पण लोकांना वाटले, संपले. कोणीतरी टाळी वाजवली, "आपली ताई आहे!" म्हणून एक बाई ओरडली आणि बघता बघता टाळ्यांचा कडकडाट झाला. घड्याळवालाही टाळ्या वाजवत होता.

मास्तरांनी ताईंकडे पाहिले. त्यांनी ना डोळे वटारले, ना खूण केली. त्या नुसत्या वाट पाहत होत्या.

मास्तरांनी हात वर केला. "थांबा. वाक्य संपलेलं नाही."

टाळ्या विरल्या.

"दुरुस्ती फेटाळली गेली. तरीही मी विधेयकाच्या बाजूने मत दिलं."

घड्याळवाला ताडकन उठला. "ताई, हा आमच्या पोटावर पाय आहे!"

मास्तर वाकले, ऐकले आणि म्हणाले, "हो, आहे. जागा मिळेपर्यंत मी दर अधिवेशनात हे मांडेन. पण मिळेलच, असं वचन मी देऊ शकत नाही. त्याला विधानसभेत मतं लागतात, आणि तेवढी माझ्याकडे नाहीत."

"हे ताईंचं झालं. मास्तर, तुमचं काय? दुकान तर तुमचंही जातंय!" घड्याळवाला म्हणाला.

मास्तरांनी माइक टेबलावर ठेवला. त्यांचा स्वतःचा आवाज बारीकच होता, पण इतकी शांतता होती की शेवटच्या माणसापर्यंत तो पोचला.

"मला नाही पटलं. मी घरात भांडलो. बोलणं टाकलं. वडिलांनी त्याच दुकानात मला पहिलं काज करायला शिकवलं, ते मी कुठे उचलून नेऊ?" त्यांनी ताईंकडे बोट दाखवले. "पण मत तिचं आहे. त्यातला एक शब्द मी इकडचा तिकडे केला, तर उद्या तुम्ही तिचं काहीच खरं मानणार नाही. मीही मानणार नाही."

घड्याळवाला खुर्ची ढकलून निघून गेला. त्याच्यामागे आणखी काहीजण गेले. उरलेल्यांनी प्रश्न विचारले, ताईंनी उत्तरे दिली आणि मास्तरांनी ती सांगितली, घसा बसेपर्यंत.

घरी जाताना मास्तर म्हणाले, "पाणी जास्त प्यायला हवंस तू. डॉक्टर काय म्हणाले होते?"

अबोला सुटला, तो असा.

पुढे दोन अधिवेशनांत ताईंनी जागेचा विषय लेखी मांडला आणि दोन्ही वेळा तो मागे पडला. मास्तर दोन्ही वेळा वाचनालयाच्या सभागृहात उभे राहून ते सांगून आले. निवडणुकीत बाजाररस्त्याने ताईंना मते दिली नाहीत आणि त्या पडल्या. नव्या आमदाराने सभागृहात बैठक ठेवली नाही, पत्रक वाटले. छान छापलेले होते.

दुकाने रिकामी करायची तारीख आली. मास्तरांनी कापडाचे तागे हातगाडीवर घरी धाडले. मशीन मात्र गाडीवर घालायला ते तयार होईनात. हादरे बसतात म्हणाले. मग एका बाजूने त्यांनी धरले, दुसऱ्या बाजूने ताईंनी, आणि दोघे बाजाररस्त्याने निघाले. दहा पावले चालायचे, टेकवायचे, दम घ्यायचा. वाटेतले दुकानदार आपापले सामान बांधत होते. कोणी वर पाहिले, कोणी पाहायचे टाळले.

घड्याळवाल्याच्या दुकानासमोर ताईंनी तिसऱ्यांदा मशीन टेकवले. त्यांचे तळहात लाल झाले होते. आत भिंतीवरून घड्याळे उतरवून झाली होती. त्यांच्या जागी मूळ रंगाचे गोल ठसे तेवढे उरले होते. घड्याळवाला उंबऱ्यात उभा होता. त्या सभेपासून तो या घराशी बोलला नव्हता.

तो पायऱ्या उतरून आला, ताईंना हाताने बाजूला केले आणि त्यांच्या बाजूचा लोखंडी पाय उचलला.

"हं, मास्तर," तो म्हणाला.

मास्तरांनी आपली बाजू उचलली. दोघे पुरुष सावकाश चालू लागले. ताईंचे हात रिकामे झाले. मशीनचा चामडी पट्टा सुटून जमिनीवर लोळत होता. तो मातीत घासू नये म्हणून त्यांनी वाकून त्याचे टोक उचलले, आणि ते हातात धरून त्या मागून चालू लागल्या.