बिनआवाजाचा लॅपटॉप

दुकानदाराला वाटलं, ही पोरगी एकतर वेडी आहे, नाहीतर चोर. लॅपटॉप घ्यायला आलेलं माणूस काय विचारतं? वेग किती, बॅटरी किती टिकते. आणि ही विचारत होती, "उघडताना वाजतो का? आत पंखा आहे का? घरघरतो का?" शेवटी तर तिने तो सरळ स्वेटरखाली पाठीशी खोचला आणि काउंटरपुढे एक गिरकी घेतली.

"दिसतोय का हो?"

"ताई, घेताय का पळवताय?" दुकानदार हसला. "जरा मोठा बघा की. हे म्हणजे खेळणं. दोन कामं एकदम लावलीत की मान टाकतो."

"मला टाइपच करायचंय."

"मग न्या. पंखाच नाही यात, आवाजाचं नाव नको. स्वस्त आहे आणि वजनाला पाटीएवढा."

तिला सगळे बारकी म्हणत. एकुलती एक, पण अंगाने काडी, म्हणून बारकी. इस्पितळात डॉक्टर रोग्याला तपासताना जे बोलतात, ते कानाला लावून ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं, हे तिचं काम. 'डाव्या गालावर सूज. बाई सांगते, दारावर आपटले.' असली वाक्यं रोज यायची, आणि बारकी मनात म्हणायची, दारं मेली सगळ्या घरांत बायकांवरच कशी टपून असतात!

आजवर ती ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर काम करायची. आता मॅडम म्हणाल्या होत्या, स्वतःचा लॅपटॉप आण आणि कुठूनही काम कर. कुठूनही! तो शब्द ऐकला आणि बारकीने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला खोली ठरवून टाकली. दोघींपुरती, ती आणि आई. सोमवारी सकाळी अप्पा कामाला गेले की निघायचं. आईला मात्र तिने अजून सांगितलं नव्हतं. अप्पांनी नुसते डोळे वटारले की आई पोपटासारखी बोलायला लागते. त्यात तिचा तरी काय दोष!

अप्पा म्हणजे बारकीचा बाप. ठोकलेल्या गाड्यांचे पोचे काढायचा धंदा. हातात कसब असं की गाडी कधी ठोकली होती हे मालकालाही खरं वाटू नये. आणि घरी आला की हाच माणूस पोचे पाडायचा. त्याचा उठलेला हात रिकामा खाली येत नाही, हे आईला लग्नानंतर लगेच कळलं. मग तिने रीतच पाडली. स्वयंपाकघराच्या दाराशी एक टोपली ठेवली, तीत टवके उडालेले कप, तडे गेलेल्या बशा. अप्पांचा हात वर गेला रे गेला की आई टोपलीतलं काहीतरी त्यात द्यायची. ते भिंतीवर फुटायचं, अप्पा धापा टाकत खाली बसायचे, आई काचा झाडायची. "बशी फुटलेली परवडली, डोकं नको," असं ती म्हणायची. कधी उशीर झाला तर मात्र डोकंच.

घरात वस्तू लपवायची सोय नव्हती. अप्पा गाद्या, कपाटं, पिठाचा डबासुद्धा चाचपायचे. फक्त टोपलीकडे ते कधी वाकले नाहीत. त्यांना हवं ते हातात मिळायचं ना! म्हणून बारकीने लॅपटॉप त्या टोपलीच्या तळाशी घातला. ऑफिस सुटलं की घरी येऊन न्हाणीघरात कडी लावायची, बादली पालथी घालून बसायची आणि ऑफिसात उरलेलं काम टाइप करायची. लॅपटॉप तसा मंदच. पण आवाज? छे! ती त्याच्यावर इतकी खूश होती की काम झाल्यावर पदराने पुसावं तसं बाहीने पुसायची आणि परत बशांखाली ठेवायची. एवढी शिकलेली पोर, पण त्या आठवड्यात टोपली भराभर रिकामी होतेय हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. अक्कल गहाण पडते ती अशी.

रविवारी दुपारी अप्पा कामावरून आले तेच धुमसत. कुणा गिऱ्हाइकाने चारचौघांत काम नीट नाही म्हणून पाणउतारा केला होता. भाजी अळणी निघाली आणि ताट उडालं. हात वर गेला, आईने बशी दिली. फुटली. परत हात वर, आईने कप दिला. फुटला. तरी हात वरच. आईने न बघता टोपलीत हात घातला आणि तळाचं चपटं, करडं काहीतरी त्या हातात ठेवलं.

"ते नको!" बारकी किंचाळली.

अप्पांचा हात हवेतच थांबला. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग लेकीच्या तोंडाकडे.

"अस्सं! म्हणजे आजवर मला भंगार देत होता होय? फोडण्यासारखी वस्तू ही आहे!"

बारकीने त्या दंडावर उडी घेतली. अप्पांनी तिला अशी झटकली की ओट्याची कड तोंडावर बसली आणि दात ओठात घुसला. आईने पाय धरले; अप्पांनी तोच पाय तिच्या बरगडीत घातला. बारकी उठली, त्यांच्या मनगटाला कडाडून चावली. तोंडात रक्त आलं, कुणाचं कोण जाणे. लॅपटॉप सुटला तो तिच्याच हातात. दोन्ही हातांनी धरून तिने त्याची कड बापाच्या भुवईवर हाणली.

अप्पा गुडघ्यांवर आले. तिथेच थांबता आलं असतं. पण नाही थांबली ती. परत हाणली, परत हाणली. "पोचा काढते! थांब, चांगला पोचा काढते तुझा!" बापाला आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे करत होती, आणि खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. अप्पा डोकं हातांत धरून काचांवर आडवे झाले, कण्हायला लागले, तेव्हा कुठे तिचे खांदे दुखले म्हणून ती थांबली.

तिने लॅपटॉप उघडला. बिजागरी सैल झाली होती, कोपऱ्यात चीर गेली होती. बटण दाबलं. जीव मुठीत धरून वाट पाहिली. हळूहळू उजेड आला, अक्षरं आली.

"चालू आहे!" ती रक्ताळल्या तोंडाने हसली. "आई, चालू आहे गं! चल. खोली घेतलीय मी आपल्याला. उद्या कशाला, आत्ताच निघू. ऊठ."

आई भिंतीशी बरगडी धरून बसली होती. ती लॅपटॉपकडे बघत नव्हती, अप्पांकडेही नाही. तिला उठवायला बारकीने भराभर पावलं टाकली, वाकली, हात पुढे केला. आईने दोन्ही कोपर तोंडावर घेतले.

"येते," ती म्हणाली. "म्हणशील तिथे येते. फक्त मारू नकोस."