हद्दीच्या दगडापाशी

मित्रांनो, नीट बसा. मी एक जुनी सायकल आहे, आणि वडीलधाऱ्यांचे बोलणे पाय हलवत ऐकायचे नसते. माझ्या आडव्या दांडीवर जो खोल खड्डा दिसतो, त्याविषयी तुम्ही आपापसांत कुजबुजता, हे मला ठाऊक आहे. तो कुऱ्हाडीचा घाव आहे.

माझे भाग कारखान्यात घडले. पण मला उभे केले ते बारामतीच्या बादशाह मिस्त्रींनी. चाकाची एकेक तार बोटाने छेडून ते तिचा आवाज ऐकत आणि मगच ती आवळत. १९५२ साली सांगवीच्या सोपानने मला घरी नेले. दर बाजाराला वांग्यांच्या आणि मेथीच्या पाट्या वाहणे, हे माझे काम. दसऱ्याला माझ्या हँडलला झेंडूची माळ पडे आणि शेजारच्या बायका म्हणत, सोपानची सायकल म्हणजे घरची लक्ष्मी. मला त्यात अतिशयोक्ती वाटली नाही.

सोपान चौघा भावांतला धाकटा. शेत तीन एकर. त्यामुळे त्याच्या वाट्याला राबणे होते, जमीन नव्हती. चार वर्षांनी बागाइतदारांच्या मंडळाला एक निरोप्या हवा झाला. पाटाच्या पाण्याची पाळी कोणाकडे आली, हा निरोप ज्याच्या त्याच्या वस्तीवर वेळेत पोहोचवायचा, असे ते काम. निरोप चुकला तर पीक वाळे. म्हणून माणूस असा हवा, की ज्याला माळावरची प्रत्येक वाट पाठ आहे. सोपानला ती जागा हवी होती. नाहीतर त्याला गाव सोडावे लागणार होते.

निवड कशी करावी, हे मंडळाने रावजी गुरुजींवर सोपवले. गुरुजींनी बारामतीपासून कळंबपर्यंतच्या टेकाडांचा आणि ओढ्यांचा नकाशा काढला, सहा जागी दगडांना चुना फासला आणि प्रत्येक दगडाखाली चिठ्ठ्या ठेवल्या. दुपार कलल्यावर निघायचे, नकाशा पाहून दगड शोधायचे आणि सहा चिठ्ठ्या घेऊन दिवेलागणीच्या आत कळंबचा पार गाठायचा. जो पहिला येईल, त्याची जागा.

आम्ही नऊ जण निघालो. ती शर्यत सभ्य माणसांची नव्हती. पहिल्याच उतारावर एकाने सोपानच्या बरगडीत कोपर मारले. सोपानने त्याच्या चाकाला लाथ घातली. तो धोंड्यांवर तोंडघशी आपटला, त्याचे ओठ फाटले, आणि आम्ही मागे वळून पाहिले नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही. पण लपवणारही नाही. पुढे एका वस्तीवरच्या कुत्र्याने सोपानची पोटरी फोडली. माझ्या पायडलवर त्याचे रक्त ओघळत होते आणि तरीही तो चढ उभ्याने मारत होता.

पाच चिठ्ठ्या खिशात आल्या. सूर्य टेकला. कळंब दृष्टीस पडले. सहावा दगड ओढ्याच्या काठी असल्याचे नकाशात होते. सोपानला ओढ्याअलीकडच्या बांधावर चुन्याने पांढरा केलेला दगड दिसला. तो उतरला आणि त्याने दोन्ही हातांनी दगड हलवायला सुरुवात केली.

मित्रांनो, तो गुरुजींचा दगड नव्हता. त्या वर्षी सरकारी मोजणी चालू होती आणि मोजणीदारही हद्दीच्या दगडांना चुनाच फासत. ते शेत झुंबरचे. त्याचा चुलतभाऊ दर नांगरणीला बांध वीतभर कोरत असे. मोजणी होऊन दगड बसला, त्याला महिनाही झाला नव्हता. झुंबर रोज संध्याकाळी कुऱ्हाड घेऊन राखणीला बसे. हद्दीच्या दगडाला हात लावू नये, हे शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या सोपानला कळत नव्हते असे नाही. पण त्याला त्या क्षणी फक्त चुना दिसत होता.

"कुणी धाडलं तुला दगड उपटाया?" एवढेच झुंबर म्हणाला. उत्तरासाठी तो थांबला नाही.

सोपानने मला उचलून पुढे धरले. पहिला घाव माझ्या दांडीवर बसला. माझ्या अंगातून जी कळ गेली, ती अजून थंडीत जाणवते. मी निसटून पडले. झुंबरने माझ्या पुढच्या चाकात पाय घातला आणि मिस्त्रींनी आवळलेल्या तारा पटापट तुटल्या. सोपान ओरडत होता की शर्यत आहे, चिठ्ठी आहे. झुंबरने कुऱ्हाड उलटी केली आणि तिचा मागचा भाग त्याच्या उजव्या मनगटावर घातला. वाळले लाकूड मोडावे तसा आवाज आला. मग लाथा. पोटात, पाठीत, तोंडावर.

वस्तीवरून झुंबरची आई, प्रयागबाई, आली. सत्तरीची बाई, पण चाल ताठ. ती लेकाच्या आणि पडलेल्या माणसाच्या मधे उभी राहिली. तिने सोपानच्या खिशातल्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या. प्रत्येकीवर शाळेचा शिक्का होता.

"दगड चोरनारा शाळेच्या चिठ्ठ्या घिऊन यील का रं?"

"मला काय ठावं, आई?"

"इचारलं आस्तंस तर कळलं आस्तं."

तिने बैलगाडी जुंपायला लावली. कळंबच्या पारावर त्या वेळी दुसऱ्याच कोणाच्या गळ्यात हार पडत होता.

सोपानचे मनगट सांधले, पण बोटे मिटेनात. त्याला माझा ब्रेक दाबता येईना. प्रयागबाई सांगवीला आली आणि सोपानच्या भावांसमोर तिने निवाडा दिला.

"त्येचा हात तू मोडलास, झुंबर. आता त्येचा हात तू."

मला नवे चाक बसले. झुंबर बाजाराच्या आदल्या दिवशी सांगवीला येई, पाट्या चढवी आणि मला ढकलत नेई. सोपान मागून चाले. तीन वर्षे दोघे एका वाटेने गेले आणि एका शब्दाने बोलले नाहीत.

१९५९च्या उन्हाळ्यात मंडळाचा निरोप्या काम सोडून गेला. वाटा पाठ असलेला माणूस एकच उरला होता, आणि त्याला सायकल चालवता येत नव्हती. मंडळाचा माणूस येऊन सोपानलाच काम घेतोस का विचारून गेला. त्या दिवशी झुंबर पाट्या चढवायला अंगणात आलेला होता. मग कोणी न सांगता झुंबर माझ्यावर बसला आणि पाय टेकून वाट पाहू लागला. सोपान माझ्या कॅरिअरवर बसला.

पहिला फाटा आला. झुंबरने मला थांबवले. त्याला वाट ठाऊक नव्हती, आणि विचारायचे कसे तेही कळत नव्हते. त्याचा घाम माझ्या हँडलवर टपकत होता.

"कुठनं?" तो शेवटी म्हणाला.

"डावीकडनं घ्या," सोपान म्हणाला.

मुलांनो, माझ्या चेनला तेल घाला, मला उन्हात टाकू नका. पण दांडीवरचा हा खड्डा बुजवू नका. कोणावर हात उचलण्याआधी त्यात बोट घालून पाहा आणि तोंड उघडून विचारा. विचारायला झुंबरला तीन वर्षे लागली. तुम्ही एवढा उशीर लावू नका.