गेटजवळची गाडी

महिनाभर आवरूनही मनालीचं घर काही आवरलं जाईना. ऑफिसातून साडेसातला यायचं, भाजी फोडणीला टाकायची आणि जेवणं उरकली की एकेका कपाटाला हात घालायचा. नवरा रोशन नव्या नोकरीवर नाशिकला जाऊन दीड महिना झाला होता. तो रोज फोनवर विचारायचा, "किती झालं?" आणि ती रोज सांगायची, "होतंय." सासरे पंढरीनाथ मदत करायचे, पण त्यांची मदत म्हणजे भंगारात द्यायला काढलेल्या पिशवीतून निम्म्या वस्तू परत बाहेर काढणं. "असू दे गं, लागतं कधीतरी," म्हणत त्यांनी तीन मोडक्या छत्र्या दोनदा वाचवल्या. मनाली वाद घालत नसे. वाद घालायलाही अंगात जीव लागतो.

सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस आधी येऊन घर बघून गेला होता. गॅसची टाकी, तेलाचे डबे, लोणच्याच्या बरण्या, कुंड्या आणि देव आम्ही नेत नाही, असं त्याने बजावलं होतं. त्यामुळे टाकी परत करून झाली, कुंड्या शेजारी वाटून झाल्या आणि देव एका हातपिशवीत तिच्या सोबतीने जायला तयार बसले.

शनिवारी सकाळी नऊला माणसं आली. सुपरवायझर रोहित आणि चार जण, घड्या घातलेले खोके आणि प्लॅस्टिकची भलीमोठी भेंडोळी घेऊन. त्यांनी हॉलमध्ये पसारा मांडला आणि दहा मिनिटांत रोहित परत दारात उभा राहिला.

"मॅडम, गेटजवळ कव्हर घातलेली गाडी कोणाची आहे? ती हलवायला सांगा. आमचा टेम्पो आत वळत नाही. नाक्यापर्यंत सामान उचलून न्यायचं म्हणजे दिवस तिथेच जाईल."

मनाली हातातला टेप तसाच धरून उभी राहिली. गाडी खालच्या मजल्यावरच्या जितेशभाईंची होती, आणि जितेशभाईंशी त्यांचं तीन वर्षं बोलणं नव्हतं.

भांडण गळतीचं होतं. हिच्या बाथरूमचं पाणी त्यांच्या छतातून झिरपतंय, असं त्यांचं म्हणणं. प्लंबर आले, गेले, प्रत्येकाने वेगळंच सांगितलं. शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत मनाली म्हणाली होती, "आधी डोळे तपासून घ्या, जितेशभाई. पाणी कुठून येतंय ते दिसत नाही तुम्हाला." लोक हसले होते. त्या दिवसापासून जिन्यात समोर आलं तरी माना फिरायच्या. गेल्या वर्षभरात तर ते जिन्यातही दिसले नव्हते, आणि गाडी तेवढी गेटजवळ ठाण मांडून बसलेली. मुद्दामच लावलीय, असं मनालीने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"मी जातो," पंढरीनाथ उठायला लागले.

"नको बाबा. बोलले मी होते, मीच जाते."

ती खाली गेली. जितेशभाईंच्या बायकोने, हंसाबेनने दार उघडलं.

"आम्ही नाशिकला चाललोय," मनाली म्हणाली. "टेम्पो आत येत नाहीये. तुमची गाडी जरा बाजूला घेता येईल का?"

"कोण आहे, हंसा?" आतून आवाज आला.

"वरची मनाली."

जितेशभाई भिंतीला हात लावत बाहेर आले. गॉगल नव्हता, काठी नव्हती. पण ते आवाजाच्या दिशेने बघत होते, तिच्याकडे नाही.

"शुगर," हंसाबेन हळूच म्हणाल्या. "दीड वर्ष झालं. एका डोळ्याने थोडा उजेड दिसतो, बस्."

एका जिन्यावर राहून मनालीला हे माहीत नव्हतं. किंवा कोणी सांगितलं असतं तरी तिने ऐकून घेतलं नसतं.

"गाडीची बॅटरी मेलीय," जितेशभाई म्हणाले. "विकायला मन होत नाही. तुझी माणसं ढकलतील ना? चल, मी बसतो स्टिअरिंगवर."

"तुम्ही कशाला? त्यांच्यातला कोणीतरी बसेल की!"

"माझी गाडी आहे. दुसरा कोणी हात लावणार नाही." हे मात्र जुन्या जितेशभाईंसारखंच होतं.

हंसाबेनने त्यांचा हात धरून त्यांना खाली आणलं. कव्हर काढलं तेव्हा धुळीचा लोट उठला. ते आत बसले, हँडब्रेक चाचपून खाली केला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ झाले. मागून चौघांनी जोर लावला. मनाली खिडकीशी चालत राहिली.

"डावीकडे घ्या. थोडं अजून. आता सरळ. सरळच ठेवा, भाई, भिंत लांब आहे अजून."

"किती लांब?"

"दोन हात. हं, बस्स!"

गाडी थांबली तरी ते उतरेनात. काचेतून समोर बघत बसले.

"जितेशभाई," मनाली खिडकीत वाकून म्हणाली, "त्या मीटिंगमध्ये मी जे बोलले..."

"तेव्हा डोळे चांगले होते माझे," ते म्हणाले. "पाणी तुमच्याच बाथरूममधून येत होतं. आजपण येतं."

मनालीला हसू आलं आणि त्याच झटक्यात डोळे भरून आले. "असेल," ती म्हणाली. "असेलच. माझं चुकलं."

"हां," ते म्हणाले. एवढंच. मग दार उघडून त्यांनी उतरायला हात पुढे केला, आणि तो तिने धरला.

टेम्पो आत आला. वर स्वयंपाकघर अजून तसंच पडलं होतं. मनाली जमिनीवर बसून कप कागदात गुंडाळायला लागली, पण तिसऱ्या कपाला तिचे हात थांबले. कागद कुठल्या बाजूने दुमडायचा तेच सुचेना. तेवढ्यात हंसाबेन चहाचा थर्मास घेऊन आल्या, तिच्याकडे एकदा बघितलं आणि पदर खोचून समोर बसल्या.

"काचेचं मी बघते. तू जा, पड जरा."

"माणसं आहेत घरात, सामान..."

"मी आहे ना. बाबा आहेत. जा."

आतल्या खोलीत भिंतीशी गाद्यांची चळत होती. मनाली नुसती टेकायला म्हणून गेली. स्वयंपाकघरातून हंसाबेनचा आवाज येत होता, "अरे भय्या, उसको उल्टा मत रखो, कांच है!" आणि पंढरीनाथ कोणाला तरी छत्र्यांसाठी वेगळा खोका मागत होते.

रोशनचा फोन आला तो सासऱ्यांनी उचलला. "झोपलीय ती," ते म्हणाले. "उठवू नकोस."

रोहितच्या माणसांनी खोलीतलं बाकी सगळं नेलं. गाद्या त्यांनी अगदी शेवटी नेल्या.