केतनचं पिस्तूल आणि माझे गुरुवार

आमच्या घरी चोरी झाली ती भर दुपारी, आम्ही दोघंही कामावर असताना. मी धम्मदीपा, जर्मनीत कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत नोकरी करते. नवरा केतन आम्ही राहतो त्या लुडविग्सहाफेनमध्येच, एका केमिकल कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर. चोराने केतनचा जुना लॅपटॉप नेला, माझ्या दोन अंगठ्या नेल्या आणि जाताना स्वयंपाकघरातले सगळे डबे पालथे घातले. भारतीय बायका डाळीच्या डब्यात सोनं लपवतात, हे इथल्या चोरांनाही कळलंय म्हणजे बघा! सोनं काही सापडलं नाही, पण मिसळणाचा डबा सांडला आणि मेला हळदीचा पंजा फ्रिजवर उमटवून गेला. पोलीस बाईंनी ती पिवळी पूड एका पिशवीत भरून तपासायला पाठवली. तीन आठवड्यांनी पत्र आलं, पदार्थ धोकादायक नाही. चोर सापडला का, याबद्दल पत्रात काही नव्हतं.

चोरी झाली त्याच संध्याकाळी मी केतनला एकच वाक्य बोलले होते. "केतन, मला आता ह्या घरात एकटीला भीती वाटते."

त्याने मान हलवली आणि ऑफिसचा लॅपटॉप उघडला.

त्याचं कामच ते. कुठली टाकी फुटेल, कुठला पाइप गळेल, ते आधीच हेरून त्याचा तक्ता करायचा. धोका, शक्यता, परिणाम, उपाय. चौकोन लाल असला तर तो हिरवा होईस्तोवर दुसरं काही सुचू द्यायचं नाही. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण आमच्या झोप्याला एक्सेलची शीट होती. धोक्याच्या रकान्यात त्याने लिहिलं, घरफोडी. उपाय चार. कुत्रा, कॅमेरा, अलार्म, पिस्तूल. कुत्र्याला भाडेकरारात मनाई. कॅमेऱ्याला शेजाऱ्यांची हरकत, कारण जिना सगळ्यांचा आणि जिन्यात कोण कधी येतं ही ज्याची त्याची खाजगी बाब. अलार्म उगाच वाजला तर घरमालकाची नोटीस. राहता राहिलं पिस्तूल. करारात कुत्र्याबद्दल दीड पान होतं, पिस्तुलाबद्दल एक अक्षर नव्हतं.

"म्हणजे चालतं," केतन म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. पण मला वाटलं, दोन दिवसांत उतरेल खूळ.

शनिवारी आम्ही बंदुकांच्या दुकानात. दुकानदार हेर, म्हणजे श्रीयुत, श्टोल, साठीचे, गोल पोटाचे, अगदी घरच्या काकांसारखे. केतनने छापून आणलेला तक्ता काउंटरवर ठेवला. रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, वजन किती, धक्का किती, नवशिक्याला पेलेल असं कुठलं. श्टोलकाकांनी दोन-तीन नमुने काढून दाखवले, कसं धरायचं, बोट कुठे ठेवायचं, नळी कधीही माणसाकडे करायची नाही, सगळं शांतपणे समजावलं. नवशिक्याला पॉइंट टू टू, म्हणजे लहान गोळीचं, बरं म्हणाले. धक्का कमी, आवाज कमी, नेम सुधारतो. मग त्यांनी सहज विचारलं, "आणि हवंय कशासाठी?"

"घराच्या रक्षणासाठी," केतन म्हणाला. खरं बोलायची सवय. पंचशील लहानपणापासून पाठ.

कोपऱ्यात शिकारीचे बूट घालून बघणारा माणूस तसाच एका पायावर थांबला. काकांनी तिन्ही नमुने उचलून कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तरुण माणसा, हे वाक्य ह्या देशात कुठेही, कोणापुढेही बोलू नकोस. घराच्या रक्षणासाठी इथे पिस्तूल मिळत नाही. खेळासाठी मिळतं. क्लबात जा, वर्षभर नियमाने नेमबाजी कर, परीक्षा दे, मग तुला पिस्तुलाची गरज आहे असं क्लब लिहून देईल."

"पण मला गरज आजच आहे."

"आल्झो, हे बघ, ती वेगळी गरज. तिला फॉर्म नाही."

निघताना मी मिरपुडीचा स्प्रे तरी द्या म्हटलं. डबीवर लिहिलं होतं, फक्त प्राण्यांसाठी. म्हणजे चोर कुत्रा घेऊन आला तर कुत्र्यावर मारायचा आणि चोराला सांगायचं, आपण जरा बाजूला व्हा.

खूळ उतरलं नाही. केतन शूट्सेनफेराइनचा, म्हणजे गावातल्या नेमबाजांच्या मंडळाचा सभासद झाला. सराव दर गुरुवारी, संध्याकाळी सहा ते नऊ. आणि हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही की मला एकटीला भीती वाटते म्हणून माझा नवरा दर गुरुवारी मला एकटीला ठेवून बाहेर जायला लागला आहे.

मी सांगितलं नाही असं नाही. तिसऱ्याच गुरुवारी तो बूट घालत असताना मी म्हणाले, "नको ना जाऊस आज."

"अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय. एक गुरुवार चुकला तर हजेरी कमी पडते."

मग मी घरातले सगळे दिवे लावायचे, टीव्ही मोठा करायचे आणि हातात पुस्तक धरून जिन्यातले आवाज ऐकत बसायचे. एकही पान उलटायचे नाही. फार एकटं वाटायचं. रागही यायचा, आणि जो माणूस आपल्यासाठी राबतोय त्याच्यावर रागावलो म्हणून वर स्वतःची लाज वाटायची.

सासूबाईंना, म्हणजे लीलाबाईंना, नागपुरात ही बातमी व्हिडिओ कॉलवर कळली.

"काय रे केतन, हिंसा करायची नाही हे पहिलं शील विसरला का?" त्यांनी विचारलं.

"आई, मी कागदावर मारतो गं. गोल गोल काढलेले असतात."

"कागदानं तुझं काय वाकडं केलं?"

"दीपा, तू तरी सांग ह्याला," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "अहो आई, मी सांगून थकले." त्यावर केतनने नेटवर्क खराब आहे असं जाहीर केलं.

वर्षभरात तो मंडळात असा काही रुळला की बघत राहावं. परीक्षेत पहिला आला. मराठी मुलगा, परीक्षा म्हटल्यावर सोडतो होय! मंडळाचं हिरवं जॅकेट आलं, मग मंडळाच्या आवारातलं कुंपण छाटायची पाळी आली, मग वार्षिक जत्रेत बटाट्याचं सॅलड करायचं काम आलं. त्याने सॅलडला मोहरी-हिंगाची फोडणी दिली आणि रांग लागली. पुढच्या बैठकीत सॅलडविभाग कायमचा त्याच्याकडे. म्हणजे गुरुवारला जोडून विभागाच्या बैठकीसाठी महिन्याचा एक मंगळवारही गेला.

तेरा महिन्यांनी गरजेचा कागद मिळाला, पंधराव्या महिन्यात शस्त्रपरवान्याचं कार्ड आलं आणि श्टोलकाकांकडून एक पॉइंट टू टू पिस्तूल घरी आलं. त्याआधी तिजोरी आली, कारण तिजोरीशिवाय पिस्तूल मिळत नाही. पिस्तूल एक किलोचं, तिजोरी एकशे ऐंशी किलोंची. नाकापेक्षा मोती जड. मंडळातल्या चौघांनी ती पहिल्या मजल्यावर चढवली. जमीन तिथेच वजन पेलेल म्हणून ती आमच्या बेडरूममध्ये, माझ्या कपाटाच्या जागी बसली. माझ्या साड्या सोफ्याखाली गेल्या.

"नंबर काय?" मी विचारलं.

"तुला सांगता येत नाही. कार्ड माझ्या नावावर आहे. तुला नंबर कळला तर माझं कार्ड जाईल."

"मग चोर आला तर मी काय करायचं?"

"मला फोन करायचा."

"तू कुठे असशील?"

"गुरुवार असेल तर नेमबाजीच्या रेंजवर."

"आणि पिस्तूल?"

"ते माझ्याबरोबर. सरावाला लागतं ना."

त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. उलट रविवारी त्याने कारखान्यात करतात तशी रंगीत तालीम ठेवली. चोर मी. बाल्कनीतून आत यायचं आणि स्टॉपवॉच लावायचं. मी आत आले. केतन बेडरूमकडे धावला. घाईत नंबर चुकला. दुसऱ्यांदा चुकला. तिसऱ्यांदा तिजोरीने पाच मिनिटं थांबा असं लाल दिव्याने सांगितलं. मी चहा टाकला. पाच मिनिटांनी तिजोरी उघडली, मग रिकामं मॅगझिन, मग गोळ्यांचा डबा, मग कानांवर लावायचं संरक्षण, कारण बंद खोलीत आवाज फार होतो. केतन दारात आला तेव्हा चोराचा चहा पिऊन झाला होता.

"नऊ मिनिटं वीस सेकंद," मी म्हटलं.

"सुधारणेला वाव आहे," तो म्हणाला आणि तक्त्यात चौकोन हिरवा केला.

त्यानंतरच्या एका गुरुवारी, साडेसहाला, बेल वाजली. दारात एक मध्यमवयीन बाई आणि एक उंच तरुण, गळ्यात ओळखपत्रं. शस्त्रखात्याकडून आधी न कळवता होणारी तपासणी. पिस्तूलधारकाच्या घरी ते असे कधीही येऊ शकतात. म्हणजे तिजोरीमुळे चोर थांबले की नाही कोण जाणे, पण अनोळखी माणसं कायद्यानेच घरात यायला लागली.

बाईंचं नाव फ्राउ डीत्स. त्यांनी तिजोरी बाहेरून पाहिली, ठोकून पाहिली.

"नंबर तुम्हाला माहीत आहे?"

"नाही."

"उत्तम." टिक. "नवरा कुठे आहे?"

"सरावाला."

"उत्तम." टिक. मग पेन थांबवून त्यांनी सहज विचारलं, "आणि तुम्ही इथे एकट्या? तुम्हाला सुरक्षित वाटतं?"

सोळा महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. केतनने नाही, पोलिसांनी नाही, सासूबाईंनीही नाही. मी "हो, हो" म्हणायला तोंड उघडलं आणि हुंदकाच बाहेर आला. मग मी सगळं सांगितलं, त्या बिचाऱ्या बाईंना, माझ्या मोडक्या जर्मनमध्ये. गुरुवार, दिवे, टीव्ही, जिना. उंच तरुण तिजोरीकडे बघत उभा राहिला. फ्राउ डीत्स फॉर्म उलटापालटा करत म्हणाल्या, "ह्याला इथे रकानाच नाही हो." शेवटी 'इतर' असं लिहिलं होतं तिथे त्यांनी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, मला कागदी रुमाल दिला आणि गेल्या.

पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी केतनच्या नावाने पत्र आलं. तपासणीच्या वेळी आपल्या पत्नीने असे सांगितले की तिला गुरुवारी संध्याकाळी घरात भीती वाटते. या बाबीवर आपले लेखी म्हणणे चौदा दिवसांत सादर करावे.

केतनने पत्र तीनदा वाचलं. माझी भीती त्याला सोळा महिने माहीत होती, पण शिक्का मारून आल्यावर ती त्याला पहिल्यांदा दिसली. मुदतीच्या आदल्या दिवशी गुरुवार होता. तो मंडळात गेला नाही. लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसला.

"दीपा, तुला नक्की कशाची भीती वाटते? मुद्दे सांग."

मी चिडून काही बोलणार, इतक्यात खाली इमारतीचं दार धाडकन आपटलं. जिन्यातला दिवा लागला. पावलं वर यायला लागली, आमच्या दारापाशी क्षणभर रेंगाळली आणि पुढे गेली.

"वरचा विद्यार्थी," मी म्हटलं. "डावा पाय ओढतो जरा. किल्ल्या इथेच शोधतो."

मी पाहिलं तर केतनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तुला कसं कळलं?" त्याने विचारलं.

"सोळा महिने ऐकतेय मी."

"मला नाही ऐकवत," तो म्हणाला. "पहिल्या आठवड्यापासून नाही ऐकवत, दीपा. त्या माणसाने आपले डबे उघडले, आपल्या फ्रिजवर हात ठेवला. संध्याकाळी घरात बसलं की मला घाम फुटतो. तिकडे बरं वाटायचं. जाड भिंती, वीस माणसं."

"आणि सगळ्यांकडे बंदुका."

"गेनाऊ, अगदी तेच."

मला इतका संताप आला की मी समोरची उशी उचलून त्याला हाणली. "आणि मला ठेवलंस इथे? एकटीला? मी समजत होते मीच भित्री आहे घरात!"

"तुला सांगितलं असतं तर तू आणखी घाबरली असतीस."

"मूर्ख आहेस तू. अरे, मला तेवढंच हवं होतं." मी रडत होते आणि उशी मारत होते. तो मार खात होता, आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं.

बऱ्याच वेळाने त्याने लॅपटॉप पुढे ओढला आणि लिहिलं. कुठलाही तक्ता न करता, तीन वाक्यं. माझ्या पत्नीला गुरुवारी संध्याकाळी घरात भीती वाटते. मलाही वाटते. म्हणूनच मी गुरुवारी घरी नसतो.

"हे वाचून ते कार्ड काढून घेतील," मी म्हटलं. "घाबरलेल्या माणसाच्या हाती पिस्तूल कोण ठेवेल?"

"घेतील," तो म्हणाला. थोडा वेळ त्याने ती वाक्यं तशीच वाचली. मग पाठवून दिली.

खाली पुन्हा दार आपटलं. ह्या वेळची पावलं मलाही ओळखू आली नाहीत. त्याने माझा हात घट्ट धरला, मी त्याचा. मग आम्ही दोघं उठलो आणि दार नीट लागलंय का, ते बघायला गेलो.