चाकाखालचा दगड

मित्रांनो, माझ्या पाठीवर एक संसार आहे. मी जुना लष्करी ट्रक. लढाई संपल्यावर महूच्या लिलावात दिवाकरबुवा कीर्तनकारांनी मला घेतलं आणि पाठीवर फळ्यांची खोली बांधली. तेव्हापासून बुवा, अंबिकाबाई आणि त्यांची सहा वर्षांची मंजिरी माझ्यातच राहतात. उज्जैन, देवास, धार... मध्यभारतात जिथे कीर्तन, तिथे आमचं अंगण! बुवांनी नामाचा गजर केला की माझ्या फळ्यासुद्धा थरथरतात. ते सुख काय सांगू! पण उन्हाळ्यात पत्रा भाजतो, पावसात अंथरूण भिजतं. आणि माझा ब्रेक? तो उतारावर जेमतेमच धरायचा, म्हणून चाकाखाली एक काळा दगड लावत. "करून घेऊ, पांडुरंग आहे ना," असं बुवा म्हणत आणि मला धडकी भरे.

त्या खंडेनवमीला मी जुन्या इंदुरात नदीच्या उतारावर उभा होतो. वीणा, झांजा, माझे नट आवळायचे पाने, सगळं पूजेला मांडलं होतं. अंबिकाबाई म्हणाल्या, "आणि वर्षभर आपल्याला धरून ठेवणारा तो बिचारा दगड तेवढा पारोसा?" त्यांनी तो काढला आणि धुवायला नळावर नेला. बुवा वीणा जुळवत बसले होते. आत मंजिरी तापाने फणफणून झोपली होती.

मी जीव खाऊन ब्रेक धरला. सुटू लागला. एक वीत सरकलो. मग दोन. खाली नदी!

"अरे भिया, गाडी चालली!" समोरच्या ओट्यावरून जयसिंगराव ओरडले. ते होळकरांच्या फौजेतले जुने ड्रायव्हर. धोतर सावरत धावले, उडी मारून आत चढले आणि स्टेअरिंग गरगर फिरवलं. मी वाळूच्या ढिगात तोंड खुपसून थांबलो. काठ चार हातांवर होता.

अंबिकाबाई ओला दगड छातीशी धरून धावत आल्या.

"वहिनी," जयसिंगराव धापा टाकत म्हणाले, "दगडाला आंघोळ घालता घालता पोरीलाही नदीत घालत होतात की! अन् बुवाजी, ब्रेक काय कीर्तनाने लागतो?"

तेवढ्यात मागचं दार उघडलं. मंजिरी डोळे चोळत विचारत होती, "आई, कुठलं गाव आलं गं?"

मित्रांनो, मला फुलं जरूर वाहा. पण त्याआधी वाकून माझा ब्रेक बघा. माझ्या पोटात कोण झोपलंय ते मला ठाऊक असतं, पण मला हाक मारता येत नाही.