जर्नलात नसलेली ओळ

मी ब्रेक बोलतोय. मोटारसायकलचा नव्हे, कॉम्प्युटरच्या सी भाषेतला. एका शब्दाची ओळ, शेवटी अर्धविराम, एवढाच माझा जीव.

काम सोपं आहे. प्रोग्राममध्ये एक दाबलं तर बेरीज, दोनला वजाबाकी, तीनला गुणाकार. बेरीज झाली की मी म्हणतो, बस झालं, बाहेर पड. मी नसलो तर कुणी थांबवायलाच नाही. बेरीज मागा, खालची सगळी उत्तरं पडद्यावर येतात.

नांदेडच्या ह्या कॉलेजात पोरं प्रोग्राम लिहीत नाहीत, उतरवतात. वरच्या वर्गाचं जर्नल आणायचं, जसंच्या तसं उतरवायचं, सरांची लाल सही घ्यायची. कधीतरी कुणीतरी पान उलटताना मला गाळलं. तेव्हापासून मी नाहीच. सह्या मात्र दरसाल होतात.

तनुजा उदगीरकडची. तिचा हा विषय दोनदा राहिलेला. ह्या खेपेला निघाला नाही तर शिक्षण बंद, असं वडील ग्यानोबांनी सांगितलेलं. पोरीनं लॅबमध्ये प्रोग्राम चालवून पाहिला, डोकं खाजवलं, आणि आपल्या मनानं मला प्रत्येक उत्तराखाली बसवलं. उत्तर एकच आलं. मला लई आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

तिनं हा विषय शिकवणाऱ्या दयानंद सरांना दाखवलं.

"जास्त शहाणपणा नको," सर म्हणाले. "जर्नलात हाय तसंच परीक्षेत लिही. परीक्षा घ्यायला बाहेरचे सर येतेत, ते जर्नलाशी ताडून बघतेत."

तिनं मला काढून टाकलं. गुरुजींचं ऐकायचं, हे घरून शिकवलेलं.

परीक्षेत चिठ्ठीवर नेमका तोच प्रोग्राम निघाला. बाहेरच्या सरांनी एक दाबलं. तीन उत्तरं आली.

"ब्रेक कुठाय?"

"लिहिला होता म्या, सर. दयानंद सर काढ म्हणले."

बाहेरच्या सरांनी मान वळवली. दयानंद सर म्हणाले, "मी कशाला सांगू असं?" आणि हजेरीची पानं चाळू लागले.

तनुजा नापास झाली. हॉस्टेलवरून न्यायला ग्यानोबा आले. गादीची वळकटी त्यांनी खांद्यावर घेतली. स्टेशनच्या वाटेवर हळूच विचारलं, "एवढं काय चुकलं गं, बाई?"

"एक ओळ राहिली, आप्पा."

राहिली नव्हती. तिनं लिहिली होती. आप्पांना हे सांगायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. उदगीरला कुणी जाणार असाल तर एवढा निरोप पोचवा.